भाकरी पोटभर, तरी कुत्रा वाळतोय: आधी हिरड्या बघा

प्रश्न असा आहे: "परभणी जिल्ह्यात शेतावर आमचा आखाडा आहे. शेरू अडीच वर्षांचा गावठी नर. सकाळी एक आणि रात्री एक ज्वारीची भाकरी दुधात कुस्करून देतो, सगळं चाटूनपुसून खातो. तरी बरगड्या आणि कमरेची हाडं दिसतात. काट्यावर 13 किलो भरला. संडास मधूनमधून पातळ होते. शेजारचे म्हणतात पेंड चालू करा, मेडिकलवाला वजन वाढायची पावडर दाखवतोय. नेमकं काय देऊ? कानात गोचिड्या असतात, तेवढ्या आम्ही काढतो."

दादा, गोचिड्यांचं तुम्ही शेवटी सहज लिहून टाकलंय. मी मात्र तुमचा प्रश्न तिथूनच वाचायला सुरुवात केली. वाळलेला कुत्रा दवाखान्यात आला की मालकाला वाटतं खुराक कमी पडतोय. कधी तो पडतोही. शेरूच्या बाबतीत पडतोयच, त्याचा हिशेब पुढे मांडतो. पण ज्याच्या पोटात जंत किंवा रक्तात गोचीड ताप आहे, त्याला दुप्पट खाऊ घातलं तरी अंगी लागत नाही, आणि खाऊ घालण्यात गेलेल्या महिन्याभरात आजार मात्र पुढे सरकतो. म्हणून वाटी वाढवायच्या आधी कुत्रा तपासायचा. यातलं बरंचसं काम घरी, ओसरीवर बसूनच होतं.

आधी तो खरंच किती वाळलाय ते हाताने बघा. नजरेवर जाऊ नका, केस दाट असले की नजर फसते. डाव्या हाताची मूठ वळा आणि उजव्या हाताची बोटं मुठीच्या वर आलेल्या गाठींवरून फिरवा. मग तीच बोटं शेरूच्या बरगड्यांवरून फिरवा. बरगड्या त्या गाठींसारख्या टोचत असतील तर वजन कमी आहे. मूठ सोडून पंजा सरळ केला आणि पंजाच्या वरच्या बाजूवरून बोटं फिरवली की हाडं कळतात पण टोचत नाहीत. निरोगी कुत्र्याच्या बरगड्या अशाच लागायला हव्यात. यानंतर मांड्या चाचपा आणि पाठीच्या कण्याच्या दोन्ही बाजूंना दाबून बघा. तिथलं मांस उतरलं असेल तर नुसती चरबी कमी झालेली नाही, शरीर स्वतःचं मांस खाऊन चाललंय. आम्ही डॉक्टर मंडळी यालाच 1 ते 9 असे गुण देतो. 4-5 म्हणजे उत्तम, 3 आणि खाली म्हणजे वाळलेला. तुमच्या वर्णनावरून शेरू 2-3 च्या आसपास वाटतो.

इथे कारवान जातीचे कुत्रे पाळणाऱ्यांसाठी एक गोष्ट सांगायलाच हवी, कारण लातूरकडून अशी विचारणा नेहमी येते. लातूर जिल्ह्यातलं जानवळ या कुत्र्यांसाठी ओळखलं जातं, आणि आता ही जात शहरातल्या बंगल्यांतही पोचली आहे. कारवान हा पळणारा, शिकारी बांध्याचा कुत्रा. त्याच्या शेवटच्या दोन-तीन बरगड्या दिसणं आणि पोट वर ओढलेलं असणं हे त्याचं निरोगी रूप आहे. मांड्या भरीव, केस तुकतुकीत, हिरड्या गुलाबी असतील तर त्याला लॅब्रॅडोरसारखा गोल करायला जाऊ नका. वाढलेला प्रत्येक किलो त्याच्या सांध्यांवर येतो.

आता हिरड्या. शेरूचा वरचा ओठ उचला. हिरडी ओलसर आणि गुलाबी हवी. अंगठ्याने दाबा आणि सोडा. दाबलेली जागा पांढरी पडते आणि दोन सेकंदांच्या आत परत गुलाबी व्हायला हवी. आपल्या गावठी कुत्र्यांच्या हिरड्या बऱ्याचदा मुळातच काळ्या असतात, तिथे रंग कळत नाही. मग डोळ्याची खालची पापणी हळूच खाली ओढून आतला भाग बघा. फिकट किंवा पांढुरका दिसला तर रक्त कमी आहे, आणि मग खुराकाचा विचार बाजूला ठेवून त्याच दिवशी दवाखाना गाठा. पिवळट दिसला तरी तेच.

एका आखाड्यावरून असाच एक तरणा कुत्रा आमच्याकडे आणला होता. मालकाने जिवाला लावलेला. रोज अंडं, दूध, वरून गावरान तूप. पापणी ओढली तर आत पांढरीफटक. संडास कशी होते विचारलं, तर म्हणाले डांबरासारखी काळी, चिकट, आणि वास फार. ती काळी संडास म्हणजे आतड्यात गेलेलं आणि पचून बाहेर आलेलं रक्त. सूक्ष्मदर्शकाखाली अंकुशकृमीची अंडीच अंडी दिसली. हा जंत आतड्याच्या अस्तराला दातांनी धरून बसतो आणि रक्त पितो, जागा बदलतो, आधीची जागा वाहत राहते. त्या कुत्र्याला तुपाची गरजच नव्हती. जंतनाशक आणि रक्तवाढीचं औषध सुरू झालं, तेव्हा कुठे तेच अंडं आणि तेच दूध त्याच्या अंगी लागायला लागलं.

अंकुशकृमीच्या अळ्या ओल्या मातीतून थेट पायाच्या कातडीतून आत शिरतात. गोठ्यामागच्या सावलीच्या ओल्या जागेत कुत्रा झोपत असेल तर पावसाळ्यात हा धोका जास्त. पिल्लांना तो आईच्या दुधातूनच मिळतो, म्हणून पिल्लांचं जंताचं औषध दुसऱ्या आठवड्यापासून सुरू करायचं असतं. चपटे जंत वेगळे. त्यांचे तुकडे काकडीच्या बीएवढे असतात, शेपटीखाली चिकटलेले दिसतात, आणि ते पिसवांमधून येतात. पिसवा न मारता नुसतं औषध दिलं तर महिन्या-दोन महिन्यांत परत हजर. साधं जंताचं औषध या चपट्यांवर अनेकदा चालत नाही, त्यासाठी प्राझिक्वान्टेल असलेलं लागतं. म्हणून "मागच्या दिवाळीला एक गोळी दिली होती" याला मी जंतनिर्मूलन धरत नाही. ताजी संडास एका स्वच्छ डबीत घालून तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात न्या, तपासणी सोपी आहे. मोठ्या कुत्र्याला दर तीन महिन्यांनी, वजन करून, मात्रेत औषध द्या.

गुरांसाठी आणलेलं आयव्हरमेक्टिन या जंत-गोचिडीच्या औषधाचं इंजेक्शन कुत्र्याला टोचायची पद्धत आपल्याकडे बोकाळली आहे. ती कृपा करून थांबवा. म्हशीच्या औषधाची ताकद आणि कुत्र्याची मात्रा यांचा मेळ अंदाजाने बसत नाही. काही जातींच्या कुत्र्यांत हे औषध थेट मेंदूत पोचतं. झिंगणारी, आंधळी झालेली, झटके येणारी कुत्री अशा इंजेक्शनानंतर आमच्याकडे येतात. त्यातली सगळी वाचत नाहीत.

आता गोचिड्या. कुत्र्यावरची तपकिरी गोचीड एका वेळी हजारो अंडी घालते, पण कुत्र्याच्या अंगावर नाही. पोट भरलं की ती गळून पडते आणि दगडी भिंतीच्या फटीत, गोणपाटाखाली, कडब्याच्या गंजीच्या बुडाशी जाऊन अंडी घालते. तुम्ही कानातल्या काढता त्या म्हणजे वरच्यावर दिसणारा भाग, बाकी फौज भिंतीत आहे. ही गोचीड चावताना दोन मोठे आजार सोडते. एर्लिकिओसिस आणि बबेसिओसिस, बोलीभाषेत दोन्ही गोचीड तापच. पहिल्यात सुरुवातीला थोडा ताप येतो, कुत्रा दोन-चार दिवस मलूल होतो आणि मग बरा झाल्यासारखा वाटतो. तिथेच फसगत होते. आजार अंगात दबून राहतो आणि पुढे काही महिने कुत्रा हळूहळू वाळत जातो, हिरड्या फिकट होतात, पोटाच्या कातडीवर लाल-जांभळे ठिपके येतात, नाकातून रक्त येतं. दुसऱ्यात रक्तपेशीच फुटतात, लघवी गडद कॉफीच्या रंगाची होते.

म्हणून शेरूचं सीबीसी, म्हणजे रक्तपेशींची मोजणी, करून घ्या आणि त्यात प्लेटलेट आणि हिमोग्लोबिन किती आहे ते डॉक्टरांना नीट बघायला सांगा. सोबत रक्ताचा थेंब पसरलेली काच सूक्ष्मदर्शकाखाली तपासायला द्या. काचेवर जंतू दिसला नाही म्हणजे आजार नाही असं होत नाही. जुनाट एर्लिकिओसिसमध्ये तो काचेवर बहुतेक वेळा सापडत नाही, त्यासाठी वेगळी किट चाचणी मिळते. एर्लिकिओसिस निघाला तर डॉक्सिसायक्लिन साधारण चार आठवडे चालतं. दोन-तीन दिवसांत कुत्रा उड्या मारायला लागतो आणि मालक गोळ्या बंद करतो. तसं करू नका. गोळी रिकाम्या पोटी देऊ नका, उलटी होते. बबेसिओसिसचं औषध वेगळं आहे, ते डॉक्टरच ठरवतील. गोचिड्यांसाठी आता तोंडाने द्यायच्या गोळ्या मिळतात, काही महिनाभर आणि काही तीन महिने टिकतात. फक्त कुत्र्याला आधी कधी झटके आले असतील तर डॉक्टरांना तसं सांगा. भिंतीच्या फटी बुजवा, तो झोपतो ते गोणपाट जाळा किंवा उकळत्या पाण्यातून काढा. काढलेली गोचीड नखाने चिरडू नका, साबणाच्या पाण्यात टाका. अंगावर रॉकेल ओतू नका, कातडी भाजते.

यातलं काहीच निघालं नाही, तर मग प्रश्न खुराकाचाच. शेरूच्या बांध्याच्या नराचं योग्य वजन 17 किलो धरू. दिवसभर निपचित पडून राहिला तरी शरीर चालू ठेवायला लागणारी ऊर्जा काढायचा एक सोपा हिशेब आहे: वजन गुणिले 30, अधिक 70. म्हणजे 580 किलोकॅलरी. आखाड्यावर फिरणाऱ्या आणि वजन वाढवायच्या कुत्र्याला त्याच्या दीडपटीहून थोडं जास्त, म्हणजे 900 ते 1000 लागतात. तुमच्या दोन भाकऱ्यांचं पीठ साधारण 150 ग्रॅम, त्याच्या 500 झाल्या. दूध पाणी घालून देत असाल तर त्याचे फार तर शंभर-दीडशे. म्हणजे रोज सुमारे एक तृतीयांश कमी पडतंय. त्याहून मोठी तूट प्रथिनांची आहे. मोठ्या कुत्र्याला 1000 किलोकॅलरीमागे किमान 45 ग्रॅम प्रथिनं लागतात, आणि वाळलेल्याला मांस भरायचं तर त्याहून जास्त. तुमच्या वाडग्यातून त्याला जेमतेम 20 ग्रॅम मिळतात, तीही ज्वारीची, ज्यात लायसिन हा महत्त्वाचा घटक कमी असतो. भाकरीने पोट भरतं, पण मांड्या भरायला ती एकटी पुरत नाही. शिवाय बऱ्याच मोठ्या कुत्र्यांना दूध पचत नाही. तुम्ही लिहिलेली मधूनमधूनची पातळ संडास कदाचित त्याचीच असेल. आठवडाभर दूध पूर्ण बंद करून बघा, लगेच कळेल.

मी शेरूसाठी रोज असा वाडगा भरेन: दीड भाकरी, तीन उकडलेली अंडी, 100 ग्रॅम शिजवलेलं हाड काढलेलं चिकन, एक लहान वाटी घरचं दही, दोन चमचे शेंगदाणा किंवा करडईचं तेल आणि थोडा शिजवलेला लाल भोपळा. याच्या 900 च्या वर किलोकॅलरी होतात आणि प्रथिनं 60 ग्रॅमच्या पुढे जातात. चिकन रोज जमत नसेल तर चिकनवाल्याकडे पोटे आणि काळीज स्वस्तात मिळतं. काळीज आठवड्यातून दोनदाच द्या, रोज नको. हे सगळं एकदम सुरू करू नका. सात-आठ दिवसांत जुनं थोडं कमी, नवं थोडं जास्त असं बदलत न्या, आणि दोनऐवजी तीन वेळांत वाटा. मीठ-मसाला अजिबात नको. भाकरी कुस्करताना कोमट पाणी किंवा चिकन उकडलेलं पाणी घाला, मात्र त्या पाण्यात कांदा-लसूण पडलेला नसावा. कांदा-लसणाने कुत्र्याच्या रक्तपेशी फुटतात, आणि ज्याचं रक्त आधीच कमी आहे त्याला ते जिवावर बेतू शकतं. कंदुरी झाल्यावर उरलेला रस्सा आणि शिजलेली हाडं वाळलेल्या कुत्र्याला मायेने घातली जातात. शिजलेलं हाड टोकदार फुटतं आणि आतड्यात अडकतं. तर्रीतल्या तेलाने स्वादुपिंडाला सूज येते, कुत्रा पाठीची कमान करून ओकत राहतो. द्राक्षं, मनुके, चॉकलेट यांचाही एक दाणा नको.

ज्या घरात माळ आहे, अंडं-मटण चालत नाही, त्यांनी सोयाबीनच्या वड्या वापराव्यात. 50 ग्रॅम कोरड्या वड्यांत सुमारे 25 ग्रॅम प्रथिनं असतात. भिजवा, उकळा, घट्ट पिळा, बारीक करून भाकरीत कालवा. सोबत पनीर आणि मऊ शिजवलेली मुगाची डाळ. शेतातलं कच्चं सोयाबीन मात्र कधीच नको, ते प्रथिनांचं पचन अडवतं. परवडत असेल तर निम्मा वाटा चांगल्या तयार पॅकेट खाद्याचा ठेवा. पाकिटावर ते संपूर्ण आहार म्हणून लिहिलेलं असलं पाहिजे. वजन वाढवायला पिल्लांचं खाद्य चालतं, त्यात ऊर्जा जास्त असते. नुसतं घरचं देत असाल तर कॅल्शियम कमी पडतं. अंड्याची कवचं उकळून, वाळवून, मिक्सरला पिठासारखी बारीक करा. किती घालायचं ते तुमच्या डॉक्टरांकडून ठरवून घ्या. मोठ्या जातीच्या वाढत्या पिल्लाला अंदाजाने कॅल्शियम दिलं तर पाय वाकडे होतात.

पेंडीबद्दल तुम्ही विचारलंय. देऊ नका. सरकीच्या पेंडेत गॉसिपॉल नावाचं विष असतं. गुरांच्या पोटात त्याचा बराचसा जोर मोडतो, कुत्र्याच्या पोटात नाही, त्याच्या हृदयावर परिणाम होतो. शेंगदाण्याच्या पेंडेला ओल लागली की बुरशी येते आणि बुरशीतलं अफ्लाटॉक्सिन हे विष यकृत खलास करतं. परतीच्या पावसात भिजून काळी पडलेली ज्वारी, बुरसटलेला मका कुत्र्यासाठी वेगळा काढून ठेवतात, तेही याच कारणाने नको.

पावडरीचं सांगायचं तर त्या महागड्या डब्यापेक्षा रोजची दोन अंडी जास्त काम करतात. मला खरी काळजी आहे ती वजनवाढीच्या इंजेक्शनांची. ती बहुतेक वेळा स्टिरॉइड असतात. कुत्रा अधाशासारखा खातो, पाणी पितो, पोट सुटतं, काट्यावर वजन वाढलेलं दिसतं. त्याच वेळी मांड्यांचं मांस उतरत असतं आणि दबलेला गोचीड ताप उसळी मारतो. कुणी आग्रह केला तरी नाही म्हणा.

उन्हाळ्यात आपल्याकडे पारा 42-43 वर गेला की निरोगी कुत्राही दुपारी तोंड लावत नाही. एप्रिल-मेमध्ये पहाटे आणि दिवस मावळल्यावर खायला द्या, पाण्याची कुंडी सावलीत दोन ठिकाणी ठेवा. आणि शेरू नर आहे, तर भाद्रपदात तो माद्यांमागे भटकणार, मारामाऱ्या करणार, चार-चार दिवस नीट खाणार नाही. तेवढ्या काळात वजन उतरलं तर घाबरू नका. नसबंदी केली तर हा वार्षिक त्रास बराच कमी होतो.

एक वेगळी परिस्थिती: कुठून तरी सोडवून आणलेला, कित्येक दिवस उपाशी असलेला, अक्षरशः सापळा झालेला कुत्रा. त्याला दयेने भरलेला वाडगा पुढे ठेवू नका. उपाशी शरीरात अन्न एकदम गेलं की रक्तातलं फॉस्फरस झपाट्याने खाली जातं, हृदय आणि श्वास बंद पडू शकतो. अशा कुत्र्याला पहिल्या दिवशी वर सांगितलेल्या निपचित ऊर्जेच्या पाव भागापासून, सहा-आठ लहान घासांत सुरुवात करायची आणि चार-पाच दिवसांत हळूहळू वाढवायची. तीही डॉक्टरांच्या नजरेखाली.

शेरूचं वजन दर आठवड्याला, त्याच दिवशी, सकाळी उपाशीपोटी करा. सोयाबीन खरेदीवाल्याचा इलेक्ट्रॉनिक काटा चालतो, नाहीतर तुम्ही त्याला उचलून उभे राहा आणि तुमचं वजन वजा करा. आठवड्याला 130 ते 250 ग्रॅम वाढ ही चांगली चाल. म्हणजे 17 किलोला पोचायला चार ते सात महिने जातील, तेवढे जाऊ द्या. रोज अर्धा-पाऊण तास चालवत जा, म्हणजे भरलेलं वजन मांसाचं राहील.

जंत गेले, गोचीड ताप नाही, वाडगाही पूर्ण, आणि तरी चार आठवड्यांत काटा हलला नाही, तर आणखी खाऊ घालत बसू नका. पोटभर खाऊन वाळणारा आणि ढीगभर, फिकट, तेलकट संडास करणारा कुत्रा स्वादुपिंडाचे पाचक रस बनवत नसेल. जर्मन शेफर्डमध्ये हे जास्त दिसतं, आणि जेवणात पाचक विकरांची (एन्झाइमची) पावडर घातली की असे कुत्रे सुधारतात. खूप पाणी पिऊन खूप मुतत असेल तर साखर आणि मूत्रपिंडाची तपासणी हवी. खायला येतो पण घास टाकतो, तर तोंड उघडून दात बघायला हवेत. या तपासण्या तालुक्याला होत नसतील तर परभणी आणि उदगीर दोन्ही ठिकाणी पशुवैद्यकीय महाविद्यालयाचा दवाखाना आहे, तुम्हाला परभणी जवळ पडेल. जाताना वजनाची वही, आधी दिलेल्या सगळ्या औषधांची रिकामी पाकिटं आणि त्याच सकाळची संडास डबीत घालून न्या.